सव्वा महिना आणि एकवीस दिवस: बाळांच्या सीएमव्ही तपासणीसाठी कायदा कसा मागायचा

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा लेक चौदा महिन्यांची होती. ओटीवर गोधडीत झोपलेली. ढोल पायरीला लागून वाजत होता, पालखी खांद्यांवर नाचत होती, शेजारची दोन पोरं घाबरून रडायला लागली. आमची हलली नाही. ओटी भरायला पुढे झालेल्या सासूबाई तशाच थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगो, हिला ढोल ऐकू येत नाय काय?"

पुढचे दोन महिने रत्नागिरी, मग मुंबई. बेरा चाचणीत, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणाऱ्या तपासणीत, दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असं निघालं. मेंदूचा एमआरआय बघून डॉक्टर म्हणाल्या, हा बहुतेक जन्मजात सीएमव्ही, म्हणजे पोटातच लागलेला एक विषाणू आहे, पण आता ते सिद्ध करता येणार नाही. जन्मल्यापासून एकवीस दिवसांच्या आत लाळ किंवा लघवी तपासायला हवी होती. जिथे बाळंत झाले त्या दवाखान्याने तिसऱ्या दिवशी लसीकरणाचं कार्ड हातात देऊन घरी पाठवलं होतं. कानांची तपासणी झाली नाही, या विषाणूचं नावही कुणी काढलं नाही.

हा लेख त्यानंतर मी जे शिकले त्याचा आहे. आपल्यासारख्या आईबापांनी राज्याकडे कायदा मागायचा तर सुरुवात कुठून करायची, कुणाला भेटायचं, कागदात काय लिहायचं, हे यात आहे. राजकारणाशी आमचा काही संबंध नव्हता. तुमचाही नसेल तरी चालेल.

आधी विषय पक्का करून घ्या

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, कांजिण्या आणि नागीण ज्या कुळातले त्याच कुळातला विषाणू. मोठ्या माणसाला झाला तर बहुतेक वेळा कळतही नाही, आणि एकदा शिरला की जन्मभर अंगात राहतो. गरोदरपणी तो बाळापर्यंत पोचू शकतो. जगभरात पोटातूनच बाळाला होणाऱ्या संसर्गांत हा सगळ्यात जास्त आढळतो. अशा दहा बाळांपैकी सुमारे नऊ जन्मतः अगदी धडधाकट दिसतात. त्यातल्याच काहींचं ऐकणं पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी जातं. जन्मतः लक्षणं असलेल्या बाळांना डोकं लहान राहणं, फिट येणं, वाढ मागे पडणं असे त्रास होऊ शकतात.

एकवीस दिवसांचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण आपली सगळी मागणी त्यावरच उभी आहे. तीन आठवड्यांच्या आत बाळाच्या लाळेत किंवा लघवीत पीसीआर चाचणीने विषाणू सापडला, तर तो पोटातूनच आला असं म्हणता येतं. त्यानंतर सापडला तर तो आईच्या दुधातून आला की घरातल्या कुणाकडून, हे सांगता येत नाही. निदान झालेल्या बाळाला लक्षणं असतील तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर नावाचं औषध पहिल्या महिन्यात सुरू करून साधारण सहा महिने देतात. ते विषाणू मुळापासून काढत नाही, आणि पांढऱ्या पेशी घटतात म्हणून रक्त वारंवार तपासावं लागतं. पण ऐकणं टिकण्याची शक्यता त्याने वाढते. औषधाची गरज नसलेल्या बाळालाही निदानाचा उपयोग आहेच: त्याचे कान दर काही महिन्यांनी तपासायचे हे घरच्यांना माहीत असतं. चौदा महिने वाट बघावी लागत नाही.

आता आपल्याकडची रीत बघा. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे निम्म्याहून जास्त मुदत तिथेच संपते. बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाही. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, माहेर दोन खाड्या ओलांडून, आणि बाहेर श्रावणाचा पाऊस. सव्वा महिन्याने बाळ पहिल्यांदा घराबाहेर येतं तेव्हा ती खिडकी बंद होऊन दोन आठवडे झालेले असतात. म्हणून "आईने दक्ष राहावं" असं सांगून हे सुटणार नाही. तपासणी बाळ दवाखान्यातून घरी जाण्याआधी व्हायला हवी, आणि ती करणं दवाखान्याची जबाबदारी हवी. कायदा हवा तो एवढ्यासाठी.

एक गोष्ट मनातून काढून टाका. आमच्याकडे कुणी म्हणालं ग्रहण पाळलं नाही, कुणी म्हणालं नजर लागली. सीएमव्ही लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो. घरात दुसरं लहान मूल असलेली कुठलीही गरोदर बाई त्याच्या संपर्कात येऊ शकते. यात दोष कुणाचाच नाही. मागणी करायला उभ्या राहिलेल्या आईच्या मनात ही टोचणी असेल तर ती चारचौघांत बोलूच शकत नाही, म्हणून हे आधी लिहिलं.

काय मागायचं ते एका पानात बसवा

"सीएमव्हीवर कायदा करा" एवढंच म्हटलं तर ते कागदावरून हलत नाही. काय, कुणी, किती दिवसांत, हे लिहावं लागतं. आमच्या निवेदनात चार मागण्या आहेत:

एक, सरकारी असो वा खाजगी, प्रसूती होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी बाळ घरी जाण्याआधी त्याच्या कानांची ओएई तपासणी (कानात बारीक यंत्र ठेवून कान आवाजाला प्रतिसाद देतो का बघणारी) व्हावी.
दोन, जे बाळ त्यात दोनदा नापास होईल त्याची सीएमव्हीसाठी लाळ किंवा लघवी एकवीस दिवसांच्या आत तपासली जावी, आणि ती मोफत व्हावी.
तीन, गरोदर बाईला पहिल्या तपासणीच्या वेळीच या विषाणूपासून जपायचं कसं हे मराठीत समजावून सांगितलं जावं.
चार, किती बाळं तपासली, किती सापडली याची नोंद जिल्ह्यात ठेवली जावी.

सगळ्याच बाळांची चाचणी मागावी, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. मन माझंही तेच म्हणतं, कारण कान आज चांगले असलेलं बाधित बाळ वरच्या पद्धतीत निसटतं. पण पहिली मागणी राज्याला परवडेल अशी असावी, या मताला मी आले. अमेरिकेतही हे टप्प्याटप्प्याने झालं. युटा राज्याने २०१३ साली तिथला पहिला कायदा केला, तो एवढाच होता: कानांच्या तपासणीत नापास झालेल्या बाळाची तीन आठवड्यांत सीएमव्ही चाचणी, आणि गरोदर बायकांना माहिती. तो मांडणाऱ्या लोकप्रतिनिधी रोंडा मेनलव यांच्या नातीलाच जन्मजात सीएमव्हीमुळे बहिरेपणा आला होता. मिनेसोटा राज्यात पालकांच्या रेट्याने २०२१ मध्ये कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२३ पासून तिथे प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी सुरू झाली. ही दोन उदाहरणं निवेदनाला जोडा, पण शेवटी जोडा. आपल्या अधिकाऱ्याला अमेरिकेपेक्षा महाराष्ट्राचं उदाहरण जास्त पटतं.

आणि महाराष्ट्राची उदाहरणं आहेत. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ साली केला, तो बायकांच्या संघटना आणि काही डॉक्टरांनी लावून धरला म्हणून. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ साली आला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा तर आपल्याच कोकणातून सुरू झाला असं म्हणता येईल. रायगडच्या गावागावांतून वाळीत टाकल्याच्या तक्रारी पुढे येत राहिल्या, म्हणून तो झाला.

मागणीत 'टॉर्च चाचणी' हा शब्द चुकूनही घालू नका. खाजगी प्रयोगशाळेत गरोदरपणी आईच्या रक्ताची ही महागडी चाचणी, जिच्यात सीएमव्हीही बघतात, सर्रास सांगतात. पण आपल्या देशात बहुतेक बायकांना सीएमव्ही लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे जुन्या संसर्गाची खूण असलेलं आयजीजी जवळजवळ सगळ्यांचंच पॉझिटिव्ह येतं. त्यावरून बाळाचं काहीही कळत नाही, बाई मात्र नऊ महिने भीतीखाली काढते. आपली मागणी बाळाच्या चाचणीची आहे.

कायदा, की शासन निर्णय?

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत येतो. म्हणजे दिल्लीपर्यंत जायची गरज नाही, आपलं विधिमंडळ हा कायदा करू शकतं.

त्याआधी शासन निर्णय, म्हणजे जीआर, मिळू शकतो. तो विभागाच्या पातळीवर निघतो, लवकर निघतो, आणि मिळत असेल तर घ्यावा. पण त्याची मर्यादा कळून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाचा जीआर जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र यांना लागू होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, ती वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात. आणि तालुक्याच्या गावातलं खाजगी प्रसूतिगृह या दोन्हींत बसत नाही. त्याची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते. कोकणातल्या किती बायका खाजगीत बाळंत होतात ते आपण सगळे बघतोच. त्या बाळांपर्यंत पोचायचं तर कायदाच लागेल. दुसरं, जीआर दुसऱ्या जीआरने रद्द होतो. निवेदनात हे स्पष्ट लिहा: तातडीने शासन निर्णय काढावा आणि त्यापाठोपाठ कायदा करावा.

आणखी एक आधार हाताशी ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याच्या कलम २५ मध्ये दिव्यांगत्व टाळण्यासाठी उपाय करणं, धोका असलेली मुलं शोधण्यासाठी वर्षातून एकदा तरी सगळ्या मुलांची तपासणी करणं, प्रसूतीच्या आधी, प्रसूतीच्या वेळी आणि नंतर आई-बाळाची काळजी घेणं, ही सरकारची कामं म्हणून नोंदलेली आहेत. म्हणजे आपण काही नवं मागत नाही. केंद्राने जे काम सांगितलं आहे त्याला राज्याने मुदत आणि पद्धत घालून द्यावी, एवढंच मागतो.

माणसं जमवा, आणि गणपती चुकवू नका

एकट्या आईचं निवेदन टपालात जातं. वीस आईबापांचं निवेदन टेबलावर येतं.

आम्ही एकमेकांना भेटलो ते कानाच्या मशीनचे साचे घ्यायला गेलेल्या ठिकाणी, बाकावर. तुम्हालाही माणसं तिथेच भेटतील: जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, वाचा उपचाराचे वर्ग, कर्णबधिर मुलांच्या शाळा, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था. सगळ्यांच्या मुलांना सीएमव्हीच झाला असेल असं नाही, आणि माझ्या लेकीसारखंच बहुतेकांचं सिद्ध करता येत नाही. तरी हरकत नाही. कानांची तपासणी वेळेवर झाली नाही हे सगळ्यांचं समान दुखणं आहे.

आशाताई, अंगणवाडी सेविका आणि एएनएम यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. घराघरात त्यांना शब्द आहे, आणि उद्या हा कायदा अमलात त्याच आणणार आहेत.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ती होतेच. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ठराव झाला की ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून, सही-शिक्क्याची नक्कल घ्या. एका गावाचा ठराव दुसऱ्या गावात दाखवला की तिथे काम सोपं होतं. आमच्या गावात ठराव मांडताना मी उभी राहिले आणि माझा आवाज फुटेना. शेवटी लेकीच्या कानामागचं यंत्र काढून सरपंचांच्या हातात दिलं. ते त्यांनी पुढच्या रांगेत दिलं, तिथून ते मागे गेलं, आणि सभेतल्या प्रत्येकाने ते हातात घेऊन पाहिलं. ठरावाला कुणी विरोध केला नाही.

कोकणाची एक ताकद बाकीच्या जिल्ह्यांकडे नाही, ती म्हणजे चाकरमानी. बहुतेक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. आमदार त्या मंडळाचं ऐकतात, आणि मंत्रालय त्या लोकांच्या लोकलच्या अंतरावर आहे. आपण गावातून सकाळची गाडी पकडून मंत्रालयात पोचेपर्यंत दिवस संपतो, आणि साहेब बैठकीला गेलेले असतात. फाईल कुठल्या टेबलावर आहे हे आठवड्याला जाऊन बघणारा मंडळातला एक निवृत्त माणूस मिळवा. आमच्या कामाला वेग आला तो असा माणूस मिळाल्यावर.

त्यासाठी गणपती. चाकरमानी घरी, लेकीबाळी माहेरी, आणि पुढारी घरोघरी दर्शनाला. सह्यांचे कागद त्या आठ-दहा दिवसांत भरतात. शिवाय वेळ बरोबर जमते: विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात नागपूरला असतं, आणि प्रश्न पाठवायची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. गणपतीत सह्या, दसऱ्याच्या आत आमदारांच्या हाती कागद, असं धरून चाला. शिमग्यातही माणसं जमतात, पण तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशन बहुतेक सुरू झालेलं असतं. त्या सह्या जून-जुलैच्या पावसाळी अधिवेशनासाठी कामाला येतात.

आकडे माहितीच्या अधिकारात काढा

आमदारांना भेटण्याआधी आपल्या जिल्ह्याचे आकडे हातात हवेत. माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

विचारायचं ते असं: गेल्या तीन वर्षांत आपल्या रुग्णालयात किती बाळं जन्मली, त्यांपैकी किती बाळांची ओएई तपासणी झाली, किती नापास झाली, त्यांपैकी किती फेरतपासणीला आली, किती बाळांचे नमुने सीएमव्हीसाठी पाठवले, ओएई यंत्र आज चालू आहे का. "का केलं नाही" असं विचारू नका. त्याला माहिती म्हणत नाहीत, आणि अर्ज परत येतो. "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तरी कागद जपून ठेवा. नोंदच ठेवली जात नाही याचा तो सरकारी पुरावा आहे, आणि आपली चौथी मागणी त्यावरच उभी राहते.

आमदारांना भेटताना

रायगडमध्ये विधानसभेच्या सात जागा आहेत, रत्नागिरीत पाच, सिंधुदुर्गात तीन. या पंधरा आमदारांपैकी मंत्री नसलेला कुणीही प्रश्न विचारू शकतो, पण सुरुवात आपल्या मतदारसंघातल्या आमदारापासून करा, नाहीतर मानापमान होतो. विधान परिषद विसरू नका. कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक हे दोन मतदारसंघ तिथे आहेत. बहिऱ्या मुलाला वर्गात काय सोसावं लागतं हे शिक्षकांच्या प्रतिनिधीला चटकन कळतं.

भेट शनिवार-रविवारी तालुक्याच्या संपर्क कार्यालयात मिळते. आधी स्वीय सहायकांशी बोला. आमच्याकडे त्यांनी निवेदनावरची 'सीएमव्ही' ही अक्षरं वाचून विचारलं, "ताई, हे सीएमसाहेबांच्या संदर्भात आहे का?" त्या दिवसापासून मी त्या शब्दाने कधीच सुरुवात करत नाही. आता निवेदनाचा विषय असा असतो:

"विषय: नवजात बाळांना येणारा बहिरेपणा वेळीच ओळखण्यासाठी जन्मजात सीएमव्ही संसर्गाची तपासणी बंधनकारक करणारा कायदा करण्याबाबत."

आणि पहिला परिच्छेद असा: "मा. आमदार महोदय, आम्ही आपल्या मतदारसंघातील कर्णबधिर मुलांचे पालक आहोत. आमच्या मुलांच्या बहिरेपणामागे सीएमव्ही संसर्ग आहे की नाही, हे जन्मानंतर एकवीस दिवसांत कळू शकले असते. ते कळले नाही, कारण तपासणी करणे कोणावरही बंधनकारक नव्हते. आपण हा प्रश्न येत्या अधिवेशनात मांडावा, ही विनंती."

एकच पान ठेवा. मागे ग्रामसभांचे ठराव, सह्या, माहिती अधिकारातलं उत्तर. दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि सहीसकट. तीन-चार मिनिटं मिळतील असं धरून चाला. साहेबांना लग्नाला निघायचं असतं, बाहेर शंभर माणसं उभी असतात. बोलणारा एकच ठेवा. जमलं तर मुलाला सोबत न्या, पण फोटोसाठी पुढे करू नका. माझ्या लेकीचा फोटो एकदा कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकला, तो अजून फिरतो आहे. आपल्या मुलाचं दुखणं किती आणि कुणाला दाखवायचं, हे आपणच ठरवावं.

भेटीत नेमकं काय मागायचं? पुढची नावं तोंडात बसवा.

तारांकित प्रश्न: मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं. लक्षवेधी सूचना ही आपल्यासाठी सगळ्यात उपयोगी, कारण मंत्र्यांना विषयावर निवेदन करावं लागतं आणि बहुधा तिथेच काहीतरी आश्वासन मिळतं. अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक; अशा कामाला शुक्रवारचा वेळ असतो. ही विधेयकं क्वचितच मंजूर होतात, हे आधीच समजून घ्या म्हणजे निराशा होणार नाही. तरीही ते मांडायला लावावं, कारण विधेयकाच्या निमित्ताने मसुदा तयार होतो, 'उद्देश व कारणे' छापली जातात, आणि सरकारला भूमिका घ्यावी लागते. सरकारच पुढे स्वतःचं विधेयक आणेल तेव्हा हाच मसुदा त्यांच्या टेबलावर असेल. राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असलेल्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं आणि राज्यपालांची शिफारसही लागते. ते काम आमदारांचं कार्यालय आणि विधानमंडळ सचिवालय करतं. आपण फक्त खर्चाचा अंदाज डॉक्टरांच्या मदतीने लिहून द्यायचा.

विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. सदस्यामार्फत तिथे जनतेचा अर्ज जातो. लोकशाही दिनात मात्र हा विषय नेऊ नका, तिथे वैयक्तिक तक्रार घेतात, धोरणाची मागणी घेत नाहीत.

हे तीन आक्षेप हमखास येतील

"हे तर आरबीएसकेमध्ये आहेच." राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्यात जन्मजात बहिरेपणा शोधायचा आहे, हे खरं. पण बहिरेपणा सहाव्या महिन्यात सापडला तरी त्या कार्यक्रमाचं काम झालं. कारण शोधायची एकवीस दिवसांची मुदत त्यात पाळली जात नाही. हा फरक शांतपणे सांगा, वाद घालू नका.

"आपल्याकडे सगळ्यांनाच होऊन गेलेला असतो, मग कशाला?" हे डॉक्टरसुद्धा विचारतात. आईला आधी होऊन गेला असला तरी जुना विषाणू पुन्हा जागा होऊन किंवा त्याचाच दुसरा प्रकार होऊन बाळाला संसर्ग होऊ शकतो, आणि अशा बाळांनाही बहिरेपणा येतो. जिथे बहुतेकांना होऊन गेलेला असतो तिथे बाधित बाळं कमी नसतात.

"यंत्रणा कुठे आहे? पैसे कुठून आणायचे?" कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातही. सीएमव्हीची चाचणी त्याच तंत्राची आहे. लागतात ते वेगळे किट आणि शिकवलेली माणसं. शिवाय चाचणी फक्त नापास झालेल्या बाळांची आहे. दुसऱ्या बाजूला एका मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र), त्यानंतरची वर्षानुवर्षांची वाचा उपचाराची फेरी, आईची सुटलेली नोकरी, हे सगळं मांडा. यातला सरकारी खर्च आणि घरचा खर्च वेगवेगळा लिहा. आम्ही आमच्या चार कुटुंबांचा एसटीचा, रेल्वेचा आणि मुंबईत राहण्याचा खर्च वहीत मांडला होता. ते पान आमदारांनी स्वतःकडे ठेवून घेतलं.

प्रश्न विचारला गेला, आता?

इथेच बहुतेक जण थकतात. सभागृहात मंत्र्यांनी "तपासून निर्णय घेऊ" म्हटलं की वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि विषय मिटतो. तसं होऊ द्यायचं नसेल तर त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत मिळवा. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे जातं, त्याचं पुढे काय झालं हे आमदारांमार्फत विचारता येतं. महिन्याभराने माहितीच्या अधिकारात मंत्रालयातल्या त्या विभागाकडे विचारा: अमुक तारखेच्या आश्वासनावर काय कार्यवाही झाली, फाईलवरच्या टिपणीची प्रत द्या. उत्तर मिळालं की पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न त्यातूनच तयार होतो. दर वेळी नवं निवेदन देताना जुन्याचा आवक क्रमांक वरती लिहा. आवक क्रमांक, तारीख, कुणाशी बोललो, असं सगळं एका वहीत हवं. फोनमध्ये ठेवू नका, फोन खाडीत पडतो. माझा पडला होता.

कायदा येईपर्यंत

महाराष्ट्रात अजून असा कायदा नाही. तुमच्या घरात किंवा वाडीत आत्ता कुणी गरोदर असेल तर तिला एवढं सांगा: घरातल्या लहानग्याची शी-शू काढल्यावर, नाक पुसल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याचं उष्टं खायचं नाही, त्याच्या चमच्याने जेवायचं नाही, पापा ओठांचा न घेता कपाळाचा घ्यायचा. उष्टं न खाणं आपल्याकडच्या आईला सगळ्यात जड जातं. आजीला आधी समजावलं तर सोपं होतं.

बाळ झाल्यावर घरी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, "कानांची ओएई तपासणी झाली का?" झाली नसेल तर कुठे होईल ते लिहून घ्यायचं. बाळ नापास झालं तर फेरतपासणीची तारीख महिन्यानंतरची घेऊ नका. त्याच आठवड्यात लाळेची किंवा लघवीची सीएमव्ही पीसीआर करता येईल का हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. लाळेचा नमुना बाळ अंगावर पिऊन किमान एक तास झाल्यावर घ्यायचा, कारण आईच्या दुधातला विषाणू त्यात मिसळू शकतो. तो पॉझिटिव्ह आला तर लघवीच्या चाचणीने खात्री करून घेतात. आणि सव्वा महिन्याची रीत मोडवत नसेल, तर बाळंतीण घरी राहू दे. बाळाला टोपडं-दुपट्यात गुंडाळून आत्या किंवा मामा घेऊन जाऊ शकतात, सोबत जन्माच्या तारखेचा कागद घेऊन.